विळ्या-भोपळ्याचं सख्य

आमच्या घरात आख्खा लाल भोपळा बायकांनी कापायचा नाही, असा नियम होता. फोडी करा, भाजी करा, भरीत करा, घारगे तळा, नो प्रॉब्लेम. पण पहिली सुरी पुरुषाची. त्यामुळे मंडईतून कधी आख्खं डांगर आलंच, तर ते ओट्याखाली बाबांची वाट बघत बसायचं. बाबा बँकेतून आले की आधी चहा, मग जमिनीवर पेपर पसरला जायचा, बाह्या दुमडल्या जायच्या आणि बायपास सर्जरीच्या थाटात भोपळ्याला पहिला छेद दिला जायचा. 'घ्या, झालं!' म्हणून स्वारी पुन्हा टीव्हीसमोर. बाकी सगळं आईचं. जेवताना मात्र "आजची भाजी कुणी केली?" असं विचारून क्रेडिट घेणार कोण, तर बाबा.

हा नियम का, ते आईला धड सांगता येत नाही. पूजेत बळीच्या जागी कोहळा कापतात, त्याच्याशी काहीतरी नातं असावं, असा आपला माझा अंदाज. तुमच्याही घरात एखादी आजी हेच म्हणत असेल. विचारून बघा.

बाबा २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. सप्टेंबरमध्ये ताईनं आईला न्यू जर्सीला बोलावून घेतलं. आई एकटी विमानात नको, म्हणून मीही निघाले. फ्रीलान्सिंगचा हा एक फायदा. रजा मागायला बॉस नसतो. (पगार द्यायलाही नसतो, पण ते सोडा.) आणि तिथे, एडिसनमधल्या ताईच्या किचनमध्ये, आमचा तो जुना भोपळा-प्रश्न पुन्हा समोर येऊन बसला. साडेआठ किलोचा, भगव्या रंगाचा. फक्त या वेळी भाजी करायची नव्हती. त्याचं तोंड कोरायचं होतं.

पंचांगात नसलेला सण

ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कुठल्याही रस्त्यावर जा, प्रत्येक पायरीवर भोपळा. कोरलेला, रंगवलेला, नाहीतर नुसताच. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन. अंधार पडला की पोरं भुताखेतांचे कपडे घालून दारोदार चॉकलेटं गोळा करत फिरतात, आणि ज्या दारात भोपळा पेटलाय तिथे 'या, खाऊ मिळेल' असा अर्थ.

२०२४ मध्ये गंमत अशी झाली की तिकडच्या तिथीप्रमाणे लक्ष्मीपूजनही नेमकं ३१ ऑक्टोबरच्याच संध्याकाळी आलं. (पुण्यात ते दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला होतं.) पण आमच्याकडे बाबांचं वर्ष व्हायचं होतं. म्हणजे आकाशकंदील नाही, रांगोळी नाही, फराळ नाही. ओळखीच्या एक मराठी काकू आधीच चिवड्या-लाडवाचा डबा देऊन गेल्या होत्या. असा आलेला डबा उघडताना कसं वाटतं, ते ज्यांनी उघडलाय त्यांना माहीत.

माझी भाची सात वर्षांची. 'या वर्षी दिवाळी नाही' हे तिनं शहाण्यासारखं ऐकून घेतलं होतं. मग एका सकाळी कॉर्नफ्लेक्स खाता खाता तिनं बाँब टाकला. "आजी, बट हॅलोविन इज नॉट दिवाळी, ना?"

ताईनं माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे. आईनं उठून बॅगेतून कालनिर्णय आणलं. हो, ती ते पुण्याहून घेऊन आली होती. ऑक्टोबरचं पान तिनं वरून खालपर्यंत वाचलं.

"यात तर नाहीये," ती म्हणाली.

झालं! सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला.

आधी सलगम, मग भोपळा

भोपळा कोरण्याची ही हौस अमेरिकेची वाटते, पण मूळ आहे आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. तिकडे हिवाळ्याच्या तोंडावर 'साउइन' नावाचा जुना सण असायचा. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे जवळपास फिरतात, असा समज. मग लोक सलगम, बीट असले कंद पोखरायचे, त्यावर भेसूर चेहरे कोरायचे आणि आत निखारा नाहीतर मेणबत्तीचा तुकडा ठेवायचे. गोष्ट सांगतात ती जॅक नावाच्या एका चिक्कू माणसाची. त्यानं सैतानाला फसवलं, त्यामुळे मेल्यावर स्वर्गात घेतलं नाही आणि नरकातही नाही. तेव्हापासून हा बुवा सलगमाच्या कंदिलात निखारा घेऊन अंधारात भटकतोय. म्हणून त्या कंदिलाचं नाव जॅक-ओ-लँटर्न.

डोनेगल परगण्यातल्या फिनटाउन गावच्या अशा एका सलगमाचा प्लॅस्टरचा साचा आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याचा फोटो जरूर शोधून बघा. आजचा भोपळा त्याच्यापुढे अगदी गोंडस बाळ! खोल डोळे, विचकलेले दात, सुकून आक्रसलेली कातडी. त्या रात्री मी दिवा चालू ठेवून झोपले.

एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं पोटापाण्यासाठी अमेरिकेत आली, तेव्हा त्यांना हे फळ आयतं मिळालं. सलगमापेक्षा कितीतरी मोठं, मऊ आणि आतून अर्धं पोकळ. विषय संपला.

आता एक गोष्ट ऐकून आई चाट पडली. आपला 'देशी' लाल भोपळाही मूळचा अमेरिकेचाच. दुधी आणि कोहळा आपल्याकडे फार आधीपासूनचे, पण डांगर मिरची-बटाट्यासारखं कोलंबसानंतर समुद्र ओलांडून आलं. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातल्या एका गुहेत भोपळ्याच्या जातीच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्यात. म्हणजे मक्याच्याही आधी तिथल्या माणसानं भोपळा लावला. "मग आपली म्हातारी लेकीकडून परत कशात बसून आली?" आईचा प्रश्न. गोष्टीतली म्हातारी हो. मी म्हटलं, दुधी असेल मोठा. ते काही तिला पटलं नाही.

शेतावर

भोपळा दुकानातही मिळतो, पण खरी मजा शेतावर जाऊन निवडण्यात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतात जायचं, हवा तो उचलायचा आणि वजनावर पैसे द्यायचे. न्यू जर्सीतला २०२४ चा ऑक्टोबर हा नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सगळ्यांत कोरडा महिना ठरला. शेतातून चालताना धुळीनं बूट पांढरे झाले. आई पंजाबी ड्रेस आणि ताईचे स्पोर्ट्स शूज अशा अवतारात वांगी निवडावीत तसे भोपळे टिचकी मारून बघत होती. आणि काय सांगू, तिचं बरोबरच होतं! चांगला भोपळा टणक लागतो, बूड सपाट असतं, कुठे मऊ डाग नसतो आणि देठ हिरवं, जाडजूड असतं. फक्त देठाला धरून उचलायचा नाही. देठ तुटलं की तिथून सडायला सुरुवात.

कोरायला सर्रास वापरतात त्या जातीचं नाव हाउडन. १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन या शेतकऱ्यानं ती तयार केली. रंग गडद, आकार देखणा, देठ दणकट, आणि चव... शून्य. भोपळाच! दिसायला हिरो, खायला पाणचट. गंमत म्हणजे तिकडच्या पाय-बियमध्ये जातो तो डब्यातला भोपळा बहुतेक वेगळ्याच जातीचा असतो. इलिनॉयमध्ये पिकणारा, फिकट सालीचा आणि नात्यानं आपल्या डांगराच्या जवळचा. अमेरिकन माणूस एक भोपळा दाराशी ठेवतो आणि दुसराच खातो.

सात हजार भोपळे

होमवर्क म्हणून ताई आम्हाला हडसन नदीकाठच्या क्रोटन गावी घेऊन गेली. तिथे व्हॅन कॉर्टलंड मॅनर या जुन्या वाड्याच्या आवारात २००५ पासून दर वर्षी 'ग्रेट जॅक-ओ-लँटर्न ब्लेझ' भरतं. सात हजारांहून जास्त कोरलेले भोपळे, सगळे पेटवलेले. भोपळ्यांचे डायनोसॉर, भोपळ्यांचं तारांगण, भोपळ्यांची स्वातंत्र्यदेवी. जवळच स्लीपी हॉलो गाव आहे, वॉशिंग्टन अर्विंगच्या १८२० च्या कथेतल्या बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराचं. जाता जाता सांगते, मूळ कथेत भोपळा कोरलेला नाहीच. सकाळी रस्त्यात फुटलेला सापडतो, एवढंच. भगभगतं तोंड नंतरच्या लोकांनी जोडलं.

सातही हजार भोपळे खरे नसतात, काही फोमचे असतात. नाहीतर महिनाभर टिकणार कसे? हे कळल्यावर भाची जाम हिरमुसली. मलाही जरा फसवल्यासारखं वाटलं, पण खरे-खोटे शेजारी शेजारी बघितले की फरक कळतो. खऱ्या भोपळ्याच्या कडा सुरकुतायला लागलेल्या असतात, उजेड गराच्या रेषांमधून झिरपतो. फोमचा अगदी परफेक्ट दिसतो, आणि परफेक्ट दिसला की आपण पुढे चालू लागतो.

कोरण्याच्या पद्धती ढोबळमानानं तीन. पहिली आरपार. डोळे, नाक, तोंड कापून काढायचं, सोप्पं काम. दुसरी खरवडायची. फक्त साल आणि थोडा गर काढायचा, आरपार जायचंच नाही. जिथे जास्त खरवडलं तिथे जास्त उजेड, कमी तिथे कमी. फोटोसारख्या छटा येतात. आणि तिसरी म्हणजे सरळसरळ शिल्पकला. यातलं मोठं नाव रे विलाफाने. मिशिगनमधल्या एका शाळेत हा चित्रकलेचा शिक्षक होता, पोरांना खूश करायला भोपळे कोरायचा. पुढे सुपरहिरोंचे पुतळे घडवले, टीव्हीवरच्या स्पर्धा गाजवल्या, अॅरिझोनात भोपळ्यांचं प्रदर्शन मांडलं. तो भोपळा आतून पोकळ करत नाही. आकाराच्या मानानं जड, म्हणजे जाड गराचा भोपळा निवडतो आणि मातीकामाची तारेच्या फाशाची हत्यारं घेऊन गरातून नाक, सुरकुत्या, दात बाहेर काढतो. त्याचे म्हातारे बघितलेत तर ते आता तुमच्यावर खेकसणार असंच वाटतं. आणि हे सगळं काही दिवसांत कोमेजणार!

हे असलं कोरीवकाम घराघरात पोचलं ते मात्र एका साध्या अवजारामुळे. विस्कॉन्सिनमध्ये पॉल बार्डीन नावाचा गृहस्थ होता. किचनमधली मोठी सुरी भोपळ्यासाठी बेकार, हे त्यानं ओळखलं. तो बोटभर लांबीच्या, बारीक दातांच्या करवती करून पोरांसाठी भोपळे कोरायचा. तो गेल्यावर १९८० च्या दशकात त्याच्या मुलांनी त्या करवती आणि कागदी नक्ष्या यांचं किट करून विकायला काढलं. आज ऑक्टोबरात तिकडच्या प्रत्येक सुपरमार्केटमध्ये असलं किट टांगलेलं असतं. ताईनंही आणलं होतं.

तिरका छेद

२९ ऑक्टोबर, मंगळवार रात्र. जास्त आधी कोरून उपयोग नव्हता, हवा गरम होती. किचनच्या जमिनीवर पेपर पसरला. मधोमध भोपळा. भोवती आई, ताई, मी, भाची. जिजू ऑफिसच्या कामासाठी डलासला.

कुणी काही बोलेना. भाचीला कळेना, काय चाललंय.

"आई," ताईनं शेवटी कबुली दिली, "मी इथे बारा वर्षं माझा मीच कापतेय भोपळा."

"माहितीय मला," आई म्हणाली. "म्हणून काय सांगायचं असतं का?"

मग तिनं हात पुढे केला. ताईनं मोठी सुरी दिली. आईनं भोपळा फिरवून बघितला, देठाभोवती बोटानं गोल आखला. "ह्यांचा छेद कायम तिरका जायचा. फोडी कधी सारख्या आल्याच नाहीत. पस्तीस वर्षं मी काही बोलले नाही."

"आई, इथे तिरकाच लागतो," मी म्हटलं. खरंच लागतो. झाकण सरळ उभं कापलं, तर ते आत पडतं. सुरीचं टोक भोपळ्याच्या पोटाकडे कलतं ठेवलं, तर झाकण बुचासारखं बसतं.

आई क्षणभर थांबली. "मग ह्यांनाच जमलं असतं," म्हणाली, आणि सुरी घातली.

कर्र असा आवाज झाला. त्यानंतर बराच वेळ फक्त तोच आवाज होता.

पुढचं काम एकदम गचाळ. आतला चिकट दोऱ्यांचा गुंता मोठ्या चमच्यानं खरवडायचा. ज्या बाजूला नक्षी, तिथली भिंत आतून साधारण इंचभर जाडीची करायची, नाहीतर करवत चालत नाही. मग नक्षीचा कागद चिकटवून टाचणीनं रेषांवर भोकं पाडायची, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. कागद काढला की ठिपके जोडत करवत चालवायची. सुरुवात मधल्या बारीक तुकड्यांपासून. मोठे आधी काढले, तर भोपळ्यात जोर उरत नाही. हा नियम मी वाचला होता, पाळला नाही. भाचीच्या मांजराच्या डाव्या मिशा तुटल्या! भोकाड. मग टूथपिक खोचून मिशा परत बसवल्या. टूथपिक ही भोपळेवाल्यांची फेविक्विक समजा.

आईनं बिया धुऊन मिठात परतल्या, त्या भारी झाल्या. गराचे मात्र घारगे करायला गेली आणि कढईशेजारी उभी राहून अमेरिकेला शिव्या देत बसली. पीठ सैल, मग अजून कणीक, अजून गूळ. "नुसतं पाणी आहे हो यात!" हाउडनसाहेब, तुमची ख्याती पुण्यापर्यंत पोचवायची जबाबदारी माझी.

आत लावलीय

३१ तारखेला न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात पारा ८१ फॅरेनहाइटवर गेला, म्हणजे २७ सेल्सियस. हॅलोविनच्या मानानं भलतंच गरम. दोन दिवसांत आमचं मांजर पाच वर्षांनी म्हातारं झालेलं. कडा आत वळलेल्या, मिशा लोंबणाऱ्या. संध्याकाळी ते पायरीवर ठेवलं, आत सेलवरचा दिवा. हाच दिवा सेफ. पोरांचे झगमगीत झगे आणि उघडी ज्योत, नको ते कॉम्बिनेशन.

रस्त्यावरच्या दोन-तीन भारतीय घरांवर आकाशकंदील आणि भोपळा दोन्ही होतं. आमच्या दारात फक्त भोपळा. पोरांची पहिली झुंड येऊन गेली. मी आत चॉकलेटांचं दुसरं पाकीट आणायला गेले आणि बाहेर आले तेव्हा आई पायरीवर वाकलेली. सेलचा दिवा तिच्या हातात होता. भोपळ्यात पणती.

"आई! दारात नाही लावायची ना या वर्षी?"

"दारात कुठे लावलीय?" आई म्हणाली. "आत लावलीय."

मी काय बोलणार? गार्डसारखी शेजारी उभी राहिले, पोरांचे झगे सांभाळत. तासाभरात झाकण आतून भाजलं आणि पायरीवर वांग्याच्या भरताचा वास सुटला. 'डार्थ व्हेडर'च्या वेशातलं एक पोरगं वास घेत विचारून गेलं, "इज दॅट डिनर?"

३ नोव्हेंबरला बघितलं, तर आत काळी बुरशी आणि उजवा कान खारीनं पळवलेला. ताईनं तो मागच्या कंपोस्टमध्ये टाकला. भाचीला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. खारीचंच तिला जास्त कौतुक.

मंडईतला भोपळा

२०२५ च्या फेब्रुवारीत बाबांचं वर्ष झालं. त्या ऑक्टोबरात मी पुण्यात प्रयोग करायचं ठरवलं आणि मंडईत गेले. "आख्खा द्या," म्हटल्यावर मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. आपल्याकडे भोपळा पाव किलो, अर्धा किलो असा फोडीवर विकला जातो. आख्खा कोण नेतो? मावशी दिवसभर कोयत्यानं भोपळे फोडत असतात, म्हणून विचारलं, बाईनं कापायचा नसतो ना?

"मी नाही कापला तर विकू काय?" मावशी म्हणाल्या. कोयता सुरूच.

करून बघणार असाल तर अनुभवाचे बोल. आपलं डांगर बसकं, जाड गराचं आणि कडक. आरपार कोरण्याचा नाद सोडा, करवत मोडेल. (माझी मोडली.) हे फळ खरवडायच्या पद्धतीसाठी मस्त. हिरव्या सालीखाली केशरी गर, त्यामुळे दिवा न लावताही नक्षी उठून दिसते. लिनोकटची हत्यारं चालतात, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. वेली, कोयऱ्या, जाळी, काहीही काढा. हात ओले ठेवू नका, आणि हत्यार कायम आपल्यापासून लांब चालवा. डाव्या अंगठ्यावरचे दोन टाके हे माझ्याकडचं सर्टिफिकेट. ऑक्टोबर हीटमध्ये दीड-दोन दिवस टिकतो. फ्रिजमध्ये ठेवला तर थोडा जास्त, पण मग फ्रिजमध्ये दुसरं काही मावत नाही.

सगळ्यात मोठा फायदा, काही वाया जात नाही. खरवडलेला गर आईनं पातेल्यात जमा केला होता. घारगे असे टम्म फुगले की तिनं ताईला व्हिडिओ कॉल लावून दाखवले. भाचीनं भोपळा दाखव म्हटलं. मी कॅमेरा फिरवला. कोयऱ्यांची वेल होती, डावीकडे जरा घसरलेली.

"झाकण कुठेय?" तिनं विचारलं.

या वेळी झाकण कापलंच नव्हतं. ते ऐकून आई उठली, सुरी घेऊन आली आणि पेपर पसरायला लागली.